बॉक्स किती ओहमचा?

आमच्या ग्रुपचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर आम्ही आमच्याच हातानं जाळला. हे आधी कबूल करतो. पुढं जे काही सांगणार आहे ते सांगायचा अधिकार मला ह्या जळण्यातूनच मिळालाय. दुसरा कुठला अधिकार माझ्याकडं नाही. मी इंजिनियर नाही. संगीतविशारद तर नाहीच नाही. दहावी पास आहे. गोदीत ठेक्यावर माल उतरवतो. रात्री कविता लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी चार पोरांबरोबर गातो. ढोलकी, हलगी, एक गिटार, एक बेस गिटार आणि दोन गळे. एवढीच आमची फौज.

तर त्या रात्रीची गोष्ट. वस्तीत १४ एप्रिलचा कार्यक्रम. चौकात स्टेज. आमचा स्वतःचा एक बॉक्स, चार दहा-इंची स्पीकरचा. बेसवाल्याला वाटलं, एवढ्यानं काय होतंय? डेकोरेटरकडून आणखी एक बॉक्स उचलून आणला. हेडच्या पाठीमागं दोन भोकं होती. भोकं दोन, बॉक्स दोन. घुसवले. मागं वाकून तिथं काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही. लिहिलं होतं, कमीत कमी ४ ओहम. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. तिसऱ्या गाण्याला आवाज फाटायला लागला. चौथ्याला वास आला. पाचव्याला सगळं थंड. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं गाणं संपलं.

ते हेड एका दुकानातनं सेकंडहँड घेतलं होतं, १४ हजारांना. दुकानदार म्हणाला होता, ‘कोई भी बॉक्स लगाव, सब चलता है.’ जळकं हेड घेऊन परत गेलो तेव्हा त्यानं आम्हाला ओळखलंच नाही. आमच्या चपलांकडं बघितलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. त्याचं नाव मी घेत नाही. नाव घेऊन हेड परत येणार नाही. आणि खरं बोलायचं तर दोष त्याचा अर्धाच. उरलेला अर्धा आमचा. अक्षर ओळखणारी पोरं आम्ही. ज्या समाजाला अक्षरासाठी एवढं रक्त आटवावं लागलं त्या समाजातली पोरं, आणि पाठीमागं लिहिलेलं वाचलं नाही! ह्याची लाज मला हेड जळल्यापेक्षा जास्त वाटली.

आता पुन्हा ४१ हजार जमलेत. कुणी मंत्र्यानं दिलेले नाहीत. धुणीभांडी करणाऱ्या बायांनी शंभर-शंभर दिले. नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी एका दिवसाची कमाई दिली. आमच्या टोळीतल्या मुकादमानं पाचशे दिले आणि वर शिव्या दिल्या, ‘ह्या वेळेला जाळलंत तर तुम्हालाच जाळीन.’ हा पैसा असा आहे. म्हणून हा लेख लिहितोय. कारण मी बघतो, आपल्या प्रत्येक वस्तीत आता चार पोरं गिटार घेऊन बसलीत, रॅप करतात, गाणी बांधतात, आणि प्रत्येक ग्रुप आमच्यासारखाच पैसा जाळतो. जाळतो आणि गप्प बसतो.

दोस्तांनो, पहिली गोष्ट समजून घ्या. ती मला गोदीनं शिकवली.

गोदीत क्रेनवर एक आकडा रंगवलेला असतो. एवढं टन उचलायचं, त्याच्या वर नाही. तो आकडा शोभेला नसतो. स्टीलची कॉईल जड असेल आणि क्रेन हलकी, तर वायर तुटते, आणि खाली जो माणूस उभा असतो तो मुकादम नसतो. तुमच्या-माझ्यासारखा कुणीतरी असतो. म्हणून आधी ओझं विचारायचं, मग हुक लावायचा. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे क्रेन. बॉक्स म्हणजे ओझं. साउंडवाले पण त्याला लोडच म्हणतात. फक्त इथं आकडा उलटा चालतो. ८ ओहम म्हणजे हलकं ओझं. ४ ओहम म्हणजे जड. २ ओहम म्हणजे त्याहून जड. कारण ओहम म्हणजे अडवणूक. अडवणूक जेवढी कमी तेवढा करंट जास्त ओढला जातो. हेडवर ‘कमीत कमी ४’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, ह्याच्या खालचं ओझं मला देऊ नका, माझा जीव जाईल.

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात रोधांची एकसर जोडणी आणि समांतर जोडणी होती, आठवतं? मार्कांसाठी पाठ केली, पेपर टाकून आलो आणि विसरलो. आपल्याला असंच शिकवलं गेलं, की पुस्तकातलं ज्ञान परीक्षेपुरतं आणि जगणं वेगळं. पण हेडच्या पाठीमागची ती दोन भोकं बहुतेक सगळ्या हेडांत समांतर जोडलेली असतात. ८ आणि ८ चे दोन बॉक्स लावले तर ४ होतात. ४ आणि ४ चे लावले तर २. आमचा बॉक्स ८ चा, डेकोरेटरचा ४ चा. आता गणित करा. आठ गुणिले चार, बत्तीस. भागिले बारा. उत्तर २.६७. हेडची मर्यादा ४. बारा वर्षांच्या पोराला येईल असं गणित, आणि त्याची फी आम्ही १४ हजार भरली. शिवाय असे विषम बॉक्स जोडले की ४ चा बॉक्स ८ च्या दुप्पट पॉवर खातो. म्हणजे एक राबतो आणि एक बसून राहतो. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

बॉक्सच्या मागची पट्टी निघून गेली असेल तर काय? लॅमिंग्टन रोडवर मल्टिमीटर मिळतो, महाग नसतो. बॉक्सच्या दोन टोकांना लावा. ८ चा बॉक्स साधारण साडेपाच ते सात दाखवतो. ४ चा तीन-साडेतीन दाखवतो. मीटरचा आकडा नेहमी थोडा कमीच येतो, कारण मीटर बॅटरीचा सरळ करंट सोडतो आणि आवाजाचा करंट उलटसुलट वाहतो. ओहम हे सरळ नसतं, सुरागणिक बदलतं. पट्टीवरचा आकडा म्हणजे कामापुरता धरलेला आकडा. पण कामापुरता तो खरा आहे.

आता आमच्यातली भांडणं सांगतो. कारण अ‍ॅम्प्लिफायर निवडायला बसलो आणि ग्रुप फुटायची वेळ आली.

ढोलकीवाला म्हणाला, ‘बेसच कशाला पायजे? परदेशी थेर. वामनदादांनी काय बेस गिटार घेऊन गाणी म्हटली?’ नाही म्हटली. वामनदादा कर्डकांनी गावोगाव पायपीट करून जे केलं ते आपण दहा जन्मांत करणार नाही. पण म्हणून वाद्याला जात लावायची? हे तर तेच झालं, जे दुसरे आपल्या हलगीला करत आले. आणि बेस गिटार कुणाच्या वाड्यातनं आलीय ते जरा बघ. लिओ फेंडर नावाचा माणूस. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ साली त्यानं प्रिसिजन बेस बाजारात आणली. त्याआधी बेस म्हणजे माणसापेक्षा उंच लाकडी धूड, पाठीवर टाकून न्यायचं आणि गर्दीत कुणाला ऐकू जायचं नाही. १९५२ ला त्यानंच तिच्यासाठी बासमन नावाचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. दुरुस्तीवाल्या मेकॅनिकचं हे काम आहे, कुठल्या उस्तादाचं नाही.

आणि जेम्स जेमरसन. काळा माणूस, डेट्रॉइटचा. मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांखाली त्याचा बेस आहे. उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा. त्या बोटाला लोक ‘हुक’ म्हणायचे. वर्षानुवर्षं रेकॉर्डच्या कव्हरवर त्याचं नावच नाही! १९७१ मध्ये मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर पहिल्यांदा छापलं गेलं. १९८३ ला तो गेला. राबणारा खाली, नाव दुसऱ्याचं वर. बेस हे त्याच माणसांचं वाद्य आहे. इमारत त्याच्यावर उभी असते आणि त्याला कुणी बघत नाही. जमैकात किंग्स्टनच्या गरीब गल्ल्यांत १९५० च्या दशकात पोरांनी मोठमोठे बॉक्स बांधून रस्त्यावर साउंड सिस्टिम उभ्या केल्या. क्लबात जायला पैसे नव्हते म्हणून क्लबच रस्त्यावर आणला. चेन्नईत २०१७ साली द कास्टलेस कलेक्टिव्ह उभं राहिलं, गाना आणि चामड्याची वाद्यं गिटारीच्या शेजारी एकाच स्टेजवर. तेव्हा परदेशी-बिरदेशी बंद कर. ढोलकी घे आणि बस.

गिटारवाला स्वप्नाळू. त्याला व्हॉल्व्हचं हेड पाहिजे. म्हणे, ‘खरा आवाज व्हॉल्व्हचा. अ‍ॅम्पेग एसव्हीटी बघ. १९६९ ला रोलिंग स्टोन्सच्या टूरवर होतं. ३०० वॉट.’ बरोबर आहे. ते हेड म्हणजे दंतकथा आहे, आवाज जाड, गरम, छातीत बसणारा. पण बाबा, वजन पस्तीस-चाळीस किलो. एकट्या हेडचं. मी गोदीत दिवसभर हेच करतो, रात्री पुन्हा चौथ्या मजल्यावर चाळीस किलो चढवू? आणि दुसरी गोष्ट. व्हॉल्व्हच्या हेडला बॉक्सशी जुळवणारं रोहित्र असतं. बॉक्सचा आकडा आणि हेडच्या मागचा आकडा जुळलाच पाहिजे. एसव्हीटी-सीएल मॉडेलच्या मागं २ आणि ४ ची सोय आहे. आपला बॉक्स ८ चा. म्हणजे पत्रिकाच जुळत नाही. व्हॉल्व्हचं हेड बॉक्स न लावता चालू केलं, तर त्याचं रोहित्रच बसायची भीती. आपल्या स्टेजवर कुणाचा पाय कधी वायरीत अडकेल ह्याचा नेम नाही. म्हणून व्हॉल्व्हला माझा सलाम, पण घरात घेणार नाही.

आता बेसवाला. त्याचं म्हणणं एका शब्दात, वॉट. ‘८०० पायजे. त्याच्या खाली बोलू नको.’ हा रोग नुसता त्याला नाही, सगळ्या पोरांना झालाय. वॉट म्हणजे मर्दानगी. तेव्हा वॉटचं सोंग उतरवूया.

हेडवर जो आकडा ठसठशीत छापलेला असतो तो सहसा ४ ओहमचा. ८ ओहमला तेच हेड कमी देतं, निम्मं किंवा निम्म्याहून थोडं वर. अ‍ॅग्विलारच्या टोन हॅमर ५०० चं बघा. ४ ला ५०० वॉट, ८ ला २५०. मार्कबासचं लिटल मार्क थ्री, ४ ला ५००, ८ ला ३००. म्हणजे आपल्या ८ च्या एका बॉक्सवर ५०० चं हेड लावलं तर अडीचशे-तीनशे मिळणार. ८०० चं लावलं तर धरा साडेचारशे. आता तीनशे आणि साडेचारशेत कानाला फरक किती? पावणेदोन डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. वॉट दुप्पट केले तर फक्त तीन डेसिबल वाढतात. एवढ्यासाठी वस्तीचे जादा पंधरा-वीस हजार घालवायचे? कुणाला ऐकू येणार तो फरक? फक्त तुझ्या अहंकाराला.

त्यापेक्षा बॉक्सची ताकद बघ. एका वॉटला एका मीटरवर किती डेसिबल देतो ते पट्टीवर किंवा कागदावर लिहिलेलं असतं. ९७ देणारा आणि १०० देणारा, ह्यांच्यात तीनचा फरक. म्हणजे १०० वाला निम्म्या वॉटमध्ये तेवढंच काम करतो. आमचा चार दहा-इंचीचा बॉक्स जुना आहे, वांद्र्याच्या एका वाजवणाऱ्यानं बँड सोडला तेव्हा विकला. पण ताकदीचा आहे. ६०० वॉट झेलतो. त्याला ८ ओहमवर तीनशे देणारं हेड पुरे आणि सुरक्षित. उद्या पैसे आले तर तसलाच ८ चा दुसरा बॉक्स घ्यायचा. दोन आठ मिळून चार. हेड तेच, पण आता पूर्ण ५०० देणार, वर हवा ढकलणारे कोन दुप्पट. खरा फरक तिथं पडतो. म्हणजे आजचं हेड असं घ्यायचं की ज्यात उद्याच्या बॉक्सला जागा आहे. कमीत कमी ४ ओहम झेलणारं तर पाहिजेच. काही हेडं २.६७ पर्यंत झेलतात, म्हणजे ८ चे तीन बॉक्स. मिळालं तर चांगलं, त्याच्यासाठी अडून बसू नये.

आणि ‘कमी वॉटचं हेड बॉक्स जाळतं’ असं जे बोललं जातं त्यातलं खरं एवढंच. हेड लहान असेल आणि तुम्ही त्याचा गळा दाबून ओरडायला लावलं तर आवाज चिरतो. चिरलेल्या आवाजात छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त पॉवर जाते आणि बॉक्स तापतो. म्हणजे दोष लहानपणाचा नाही, गळा दाबण्याचा आहे. चिरला की हात मागं घ्यायचा. एवढी अक्कल बोटात ठेवली तर लहान हेड बॉक्सला मारत नाही.

एवढं सगळं आमचं भांडण चाललं होतं माझ्या खोलीत, रात्री अकरापर्यंत. बाजूच्या खोलीतली आजी दारात येऊन बसली. हिनं आयुष्यभर भीमगीतं म्हटली. अंगणात, लग्नात, मयताला. माईक नाही, भोंगा नाही. म्हणाली, ‘पोरांनू, त्या रातीला म्या म्होरंच बसले हुते. पोटात लई धडधडत हुतं. पर तुमी काय म्हणत हुतात त्ये काय बी कळलं न्हाय.’

खोली गप्प झाली.

मी कवी म्हणवतो स्वतःला. माझेच शब्द होते ते. आणि म्हातारीला फक्त धडधड मिळाली. दोस्तांनो, माझ्या दृष्टीनं अ‍ॅम्प्लिफायरचा प्रश्न तिथं सुरू झाला. त्याआधी नुसती खरेदी चालली होती.

असं का झालं ते नंतर शोधलं. बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते. पुरुषाच्या बोलण्याचा पायाचा सूर साधारण ८५ ते १८०. शब्द मात्र कळतात ते क, त, स, श अशा धारदार अक्षरांनी आणि ती धार दोन-चार हजार हर्ट्झला असते. आता बेसचा दोनशे-अडीचशेचा पट्टा वाढवून ठेवला, ढोलकीची जाड बाजू पण तिथंच, की गळ्याचं अंग त्या चिखलात बुडतं. आमच्या बेसवाल्यानं काय केलं होतं? बेसचं बटण पूर्ण उजवीकडं. आवाज फुगला, स्वर हरवला. आणि बेसचं बटण दहा डेसिबलनं वर नेलं की त्या पट्ट्यात हेडकडून दहापट पॉवर मागितली जाते. म्हणजे वॉट कुठं गेले? बटणात गेले! म्हणून ८०० मागत होता.

तेव्हा हेडमध्ये पहिली बघायची गोष्ट, वॉट नाही, मधले पट्टे. लो-मिड आणि हाय-मिडची वेगळी बटणं पाहिजेत. कोणती फ्रिक्वेन्सी कापायची ते सरकवता आलं तर सोन्याहून पिवळं. गाणाऱ्याच्या पट्ट्यातनं थोडं कापायचं, बेस बाजूला सरकतो आणि शब्दाला वाट मिळते. दुसरं, खालची अनावश्यक घरघर कापणारा फिल्टर, ३०-४० हर्ट्झच्या खाली. तिथं सूर कमी आणि स्पीकरचा कोन फुकट मागंपुढं पळतो, त्यात तो फाटतो. तिसरं, डीआय आउट. हेडमधनं सरळ मिक्सरला वायर. कार्यक्रम मोठा असेल तर आवाज मोठ्या बॉक्सांतनं जाईल, आपला बॉक्स फक्त आपल्याला ऐकायला. जेमरसनचा बेस मोटाउनच्या स्टुडिओत असाच सरळ मिक्सरला जोडून रेकॉर्ड व्हायचा. मग स्टेजवर आपण का छाती फोडायची? आणि एक लक्षात ठेवा. वस्तीतले लोखंडी भोंगे आणि बेस ह्यांचं जमत नाही. भोंगा अडीचशे-तीनशेच्या खालचं नीट वाजवतच नाही. तो बोलण्यासाठी आहे. बेस त्याच्यात घातला तर फक्त तारेची टिकटिक येते. आणि भोंग्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमागं १०० व्होल्टच्या लाईनची टोकं असतात, त्यांना आपला बॉक्स चुकूनही लावू नका.

चौथं, वजन. आजची क्लास डी हेडं दोन-तीन किलोची असतात. त्यातले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण उघडतात, पूर्ण बंद होतात, अर्धवट उघडे राहून तापत बसत नाहीत. म्हणून उष्णता कमी, लोखंड कमी. पिशवीत घालून लोकलनं जाता येतं. टेम्पोचं भाडं वाचतं. टेम्पोचं भाडं म्हणजे आमचा एक कार्यक्रम. पाचवं, हेडफोन लावायची जागा. दहा बाय दहाच्या खोलीत, बाजूला नाईट पाळीचा माणूस झोपलेला असताना सराव करायचाय. ही चैन नाही, गरज आहे. चौक, हॉल, खोली, स्टुडिओ, चारही ठिकाणी एकच हेड चालवायचं तर ते असं सगळीकडं मिसळणारं पाहिजे. श्रीमंत माणूस चार ठिकाणांसाठी चार हेडं घेतो.

आता जिवाची गोष्ट. गंमत नाही. सेकंडहँड हेड घेताना मागचा व्होल्टेजचा आकडा वाचा. बोटीवरचा कुणी ओळखीचा अमेरिकेतनं स्वस्तात आणून देतो. तिथं १२० व्होल्ट, आपल्याकडं २३०. लावलं की फट्. काही हेडं १०० ते २४० सगळं झेलतात, काहींना आतनं बदल लागतो, काहींना काहीच होत नाही. विचारा. आणि तीन पिनचा प्लग तीनच पिनांचा ठेवा. अर्थिंगची पिन तोडून दोन पिनच्या बोर्डात खुपसायची आपली सवय आहे. एका हातात गिटारीची तार, ओठाला माईक, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक. करंट ओठातनं जातो. मी खाल्लाय तो झटका, दात वाजले होते. डेकोरेटरला हात जोडून नाही, बजावून सांगा. अर्थिंग नसेल तर गाणार नाही. आणि हेडपासून बॉक्सपर्यंत गिटारीची बारीक वायर लावू नका. ती सिग्नलची वायर आहे, पॉवरची नाही, तापते. जाड, दोन तारांची स्पीकरची वायर लावा, आणि फिरवून लॉक होणारा स्पीकॉन असेल तर उत्तमच. लाथ बसली तरी निघत नाही.

काही जण म्हणतील, चळवळीच्या पानावर हे काय ओहम-वॉटचं दळण? मी विचारतो, मग कुठं दळायचं? हे ज्ञान इंग्रजी मॅन्युअलांत बंद आहे, काचेच्या दुकानात बंद आहे, जिथला नोकर आपल्याला वाद्याला हात लावू देत नाही. आपण आवाज नेहमी भाड्यानं घेतला. स्टेज भाड्याचं, बॉक्स भाड्याचे, मिक्सरवर बसलेला माणूस भाड्याचा, त्याला गाण्याशी घेणंदेणं नाही. तो त्याच्या मर्जीनं वाढवतो, त्याच्या मर्जीनं दाबतो. ज्याच्या हातात बटण त्याच्या हातात आपला शब्द. हे बटण आपल्या हातात यायचं तर ते काय करतं हे आपल्याला कळलं पाहिजे.

आणि दुसऱ्या बाजूनं, आपल्याच मिरवणुकांत डीजेच्या भिंती उभ्या राहतात. पोरं नाचतात, नाचू द्या. पण त्या भिंतीसमोर उभं राहून कुणी एक ओळ तरी ऐकू शकतं का? छाती हादरते आणि डोकं रिकामं राहतं. रिकामं डोकं कुणाला पाहिजे असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातले थोडे दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. आपल्याला मिळणारा वेळ एवढा मोजका, त्यात नुसता हादरा द्यायचा की शब्द द्यायचा? बेस हवा. मी बेसच्या बाजूचा आहे. पण बेस हा शब्दाच्या खालचा धक्का. गोदीतला धक्का बोटीला टेकायला जागा देतो. तो बोटीवर चढून बसत नाही.

शेवटी आम्ही एक सेकंडहँड क्लास डी हेड घेतलं. ४ ओहमला ५००, ८ ला ३००. ३६ हजार. दुकानात मी मागं वाकलो, आणि सगळं अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचलं. कमीत कमी ४ ओहम. १०० ते २४० व्होल्ट. डीआय. नोकर बघत राहिला. आमचा बॉक्स तिथं नेला होता हातगाडीवरनं, त्याच्यावरच वाजवून बघितलं. दुसऱ्याच्या बॉक्सवर ऐकून हेड घेऊ नका, घरी गेल्यावर ते दुसरंच बोलतं. उरलेल्या पाच हजारांतनं जाड वायर, मल्टिमीटर, चांगला एक्स्टेंशन बोर्ड घेतला. राहिलेल्याचा हिशोब वस्तीच्या बोर्डावर लावला, पावत्यांसकट.

परवा चौकात लावून बघितलं. आजीला मुद्दाम मागं, नळाजवळ बसवलं. बेसवाल्यानं बेसचं बटण सरळ मधे ठेवलं, दोनशेचा पट्टा थोडा खाली घेतला. कुरकुरत घेतला. ढोलकी बसली, हलगी कडाडली, मी गायलो. संपल्यावर आजीकडं गेलो. काही विचारायच्या आत तिनं माझ्या गाण्यातली दुसऱ्या कडव्याची ओळ म्हणून दाखवली. एक शब्द चुकीचा म्हटला. तो तिचा शब्द माझ्यापेक्षा बरा होता. आता मी तोच ठेवलाय.

तर दोस्तांनो, पैसे जमले की दुकानात धावू नका. आधी बॉक्सच्या मागं जा, वाका, आणि वाचा.